पहिलं नको

मला चहा हवा होता, बाकी काही नाही. वॉर्डात चहा वाटणाऱ्या मारिसेलनं ट्रॉली थांबवून विचारलं, "आँटी, टी?" मी म्हटलं, "नको नको." ती गोड हसली आणि ट्रॉली घेऊन चालती झाली.

आता तुम्हीच सांगा, घरंदाज माणूस पहिल्या विचारण्याला हो म्हणतो का? पहिलं नको समोरच्याचं मन बघायला असतं, दुसरं तोंडदेखलं, आणि तिसऱ्यांदा विचारलं की "बरं, अर्धा कप" म्हणून भरलेला कप प्यायचा. मी ठाण्याला टपाल खात्यात उभी हयात काढली, तिथला शिपाईसुद्धा एवढं जाणून होता. पण इथे परदेशात, मुलाच्या शहरातल्या बुकित बातोकच्या या केअर सेंटरमध्ये आग्रह नावाची चीज नाही. इथे हक्क आहेत. पेशंट नको म्हणाला की त्याच्या इच्छेचा मान राखायचा. माझ्या इच्छेचा इतका मान राखला गेला की सुरुवातीला मी कित्येक दिवस चहावाचून काढले.

एव्हाना सगळ्या वॉर्डाला मराठीतला एक शब्द येतो. फिलिपाइन्सची मारिसेल, सोशल वर्कर मिस क्वेक, समोरच्या पलंगावरच्या मलय आजी, सगळ्या मला बघितलं की "नको, नको" म्हणतात आणि हसतात. मीही हसते. शिव्या देण्यापेक्षा बरं.

खुब्याचं हाड मोडलं म्हणून मी इथे आले. ऑपरेशन झालं, धड चालता येईपर्यंत इथे राहायचं असं ठरलं. आता काठी टेकत मी कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जाऊन येते आणि डॉक्टर म्हणतात घरी जायला हरकत नाही. मला घरी जायचंय. का, तर घरच्या बाथरूमला कडी आहे. इथे नाही. सुरक्षिततेसाठी, म्हणे. इथे अंगावर पाणी घेत असताना कुणीही दार उघडतं आणि विचारतं, "ओके, आँटी?" सत्तरी उलटलेल्या बाईनं उघड्या अंगानं ओके म्हणायचं. मेल्याहून मेल्यासारखं होतं.

पण घरी माझ्या खोलीत मुलानं टेबल टाकलंय. निशिकांत रॅफल्स प्लेसला बँकेत आहे, मोठ्या हुद्द्यावर. आठवड्यातून दोनदा घरून काम करतो, त्यासाठी दोन स्क्रीन, फिरती खुर्ची, सगळं माझ्या पलंगाच्या जागी. तात्पुरतं आहे आई, म्हणाला. आमच्या पोस्टात एक कपाट तात्पुरतं ठेवलं होतं. मी रिटायर झाले तेव्हा त्याच्याच शेजारी उभं राहून मी नारळ घेतला.

तर मागच्या आठवड्यात इथे हक्क सप्ताह झाला. फुगे लावले. 'माझी निवड, माझा हक्क' असं चार भाषांत छापलेलं पत्रक वाटलं, आणि मी इंडियन म्हणून माझ्या हातात तमिळ ठेवलं. मी म्हटलं, बाई गं, मला इंग्रजी येतं. मिस क्वेक म्हणाली, आपल्या भाषेत वाचणं हा तुमचा हक्क आहे, आँटी. मग निवडीच्या स्वातंत्र्यावर भाषण होतं, त्याला हजेरी सक्तीची. मलय आजींना झोपायचं होतं, त्यांना पलंगासकट आणलं.

सप्ताहाच्या शेवटी माझ्याबद्दल मीटिंग ठेवली. निशिकांत आणि माझी सून नीता ऑफिसमधून परस्पर आले. मिस क्वेक त्याला विचारत होती, आँटी झोपतात का, आँटींना आठवतं का, आँटींना काय आवडतं. मुलगी बघायला यावं आणि चहाची चव तिच्या बापाला विचारावी, तसं चाललं होतं. शेवटी तिची नजर भिंतीवरच्या फुग्यांकडे गेली असावी. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "आँटी, तुमची निवड. घरी जायचं?"

मी निशिकांतकडे बघितलं आणि म्हटलं, "नको रे, कशाला. तुम्ही दोघं कामावर जाता, उगाच तुमची ओढाताण."

आणि थांबले. आता तो म्हणेल, काहीतरीच काय आई, चल. हा कोण? बहिणीच्या लग्नात व्याह्यांनी पानावर आडवा हात धरला, तर बोटांच्या फटीतून जिलबी सरकवणारा पोरगा.

"ठीक आहे आई," निशिकांत म्हणाला. "तुझी इच्छा."

मिस क्वेकनं टाळ्या वाजवल्या. आँटींनी स्वतः निर्णय घेतला, हेच तर आम्हाला हवं होतं, असं म्हणत ती टॅबलेटवर टिपून घेऊ लागली. नीता खाली बघत बसली. मला असा संताप आला की काठी घट्ट धरावी लागली. मरो ती रीत, म्हटलं. सरळ इंग्रजीत मिस क्वेकला सांगितलं, मला घरी जायचंय.

ती गोंधळली. आत्ता तर नको म्हणालात, असं काहीतरी पुटपुटली आणि निशिकांतकडे बघू लागली. तो खुर्ची पुढे ओढून माझ्या जवळ आला. माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"अगं राहा ना थोडे दिवस. इथे सगळं हाताशी आहे. राहा गं. माझ्यासाठी राहा."

किती दिवसांनी ऐकला तो सूर. एक शब्द कमी नाही, लाडिगोडी तश्शीच. म्हणजे आग्रह करायला पोरगा विसरला नव्हता.

"नको," मी म्हटलं.

मिस क्वेकची बोटं थांबली. हा शब्द तिला येत होता. "मिस्टर निशिकांत," ती म्हणाली, "आँटी नको म्हणाल्या. इथे राहायला त्या नको म्हणाल्या."

"तसं नाही हो," निशिकांत घाईघाईनं म्हणाला. "माझी आई नको म्हणते ना, तेव्हा तिला खरं तर—"

नीतानं मान वर करून त्याच्याकडे बघितलं. मीही बघितलं. त्यानं वाक्य काही पुरं केलं नाही. मिस क्वेकनं आधीचं खोडून नवं टिपलं. पेशंटच्या इच्छेचा मान राखला गेला.

मी घरी आले. टेबल अजून खोलीत आहे, तात्पुरतं. पलंग भिंतीकडे सरकवलाय. मी आत पाऊल टाकलं तशी नीतानं विचारलं, "आई, चहा टाकू?"

"टाक," मी म्हटलं. मग बाथरूममध्ये गेले, आतून कडी लावली, आणि चहा होईपर्यंत रडून घेतलं.