मड्डीहाळ महाराष्ट्रात हाय का?

मड्डीहाळ हे गाव वर्षाआड कर्नाटकात जायचं. जायचं म्हणजे काय, देवळापुढं मंडप टाकायचा, निघालो आम्ही शेजारच्या राज्यात म्हणून आरोळी ठोकायची, सांगलीहून कोणी साहेब धावत आला की त्याच्याकडून रस्त्याचं आश्वासन घ्यायचं आणि जेवायच्या वेळेला पुन्हा महाराष्ट्रात यायचं. रस्ता काही येत नव्हता, पण निदान साहेब तरी यायचा.

मंडप आणि माइक वजीरभाई मुजावरांचा. या खेपेला सरपंच रामगोंडा पाटलांचा घसा बसला आणि वाहिनीचा कॅमेरा तर समोर उभा. वजीरभाई नुसता माइक चालतोय का ते बघायला गेले होते. पण हातात चालू माइक आला की वजीरभाई कुणाला आवरत नसत.

"आजपासनं आमी महाराष्ट्राचे न्हाई," ते गरजले. "आमचा सातबारा कर्नाटकाचा, आमची पोरंबाळं कर्नाटकाची. मेलो तर मातीबी तितलीच."

टाळ्या अशा पडल्या की वजीरभाईंना दोन दिवस भाकरी गोड लागली.

मग त्यांची थोरली फिरदोस पोलीस भरतीत लागली. रस्ता नाही म्हणून ही पोरगी बांधाबांधानं पळून तयार झालेली. आता सोमवारी सांगलीला कागदपत्रांची तपासणी होती. तिथं ती महाराष्ट्रातली असल्याचा दाखला हवा, आणि त्यासाठी आधी तलाठ्याची सही. वजीरभाई पेढे घेऊनच चावडीत गेले.

तलाठी भाऊसाहेबांनी पेढा खाल्ला, मोबाइल काढला आणि वजीरभाईंचं भाषण त्यांनाच ऐकवलं. या भाषणापायी वरिष्ठांनी त्यांची चांगली हजेरी घेतली होती, आणि गडी विसरणाऱ्यातला नव्हता.

"पोरंबाळं कर्नाटकाची, हे तुम्हीच म्हणालात. परराज्यातल्या मुलीला मी इथली कशी म्हणू?"

"आवं भाऊसाहेब, ती बोलायची पद्धत हाय."

"सही करायचीही पद्धत असते," भाऊसाहेब म्हणाले आणि त्यांनी दुसरा पेढा उचलला.

वजीरभाई तोंड पाडून घरी आले. आपल्या जिभेनं पोरीच्या पोटावर पाय दिला, या विचारानं त्यांना घास गिळवेना. फिरदोसनं सगळं ऐकून घेतलं. चिडली तर होतीच.

"अब्बा, गाव असं जातंय व्हय? राज्याची हद्द हलवायची तर दिल्लीत संसदेला कायदा करावा लागतोय. घटनेत हाय, माझ्या पेपरात प्रश्नच आलता. तुमच्या माइकवरनं न्हाई हलत ती."

"मग मी येवढा बोललो ते?"

"वाऱ्यावर गेलं."

वजीरभाईंना आधी वाईट वाटलं. मग हळूहळू हसू फुटलं.

दुसऱ्या दिवशी चावडीपुढं त्यांचा टेम्पो उभा राहिला, टपावर दोन कर्णे. काय भानगड म्हणून गाव गोळा झालं. वजीरभाईंनी वायर ओढत माइक आत नेला आणि थेट भाऊसाहेबांच्या टेबलावर ठेवला.

"भाऊसाहेब, गावाला येवढंच सांगा. मड्डीहाळ महाराष्ट्रात हाय का न्हाई?"

भाऊसाहेब माइककडे बघत राहिले. हो म्हणावं तर सही आली. नाही म्हणावं तर जे काम संसदेचं, ते एका तलाठ्यानं चहाच्या आधी उरकलं असं होत होतं. कुठं कॅमेरा आहे का, तेही त्यांनी खिडकीतून बघून घेतलं.

"आहे," ते पुटपुटले. कर्ण्यांतून ते पार ओढ्यापर्यंत ऐकू गेलं.

"आन माझी पोरगी?"

"तीही."

सही झाली. वजीरभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण सरपंच रामगोंडा मात्र कपाळाला हात लावून पायरीवर बसले.

"काय केलंस रं वजीर? पुढच्या बारीला आता कर्नाटकात जायचं कसं? यीत हुता त्यो सायेबबी गेला."

सोमवारी सकाळी फिरदोसला घेऊन निघालेला टेम्पो ओढ्याच्या वाळूत रुतला. रामगोंडा चार माणसं घेऊन ढकलायला आले, तरी चाक जागेवरच फिरत राहिलं. वजीरभाईंना संताप आवरेना. असल्या राज्यात माणसानं राहावं तरी कशाला, असं ऐकवायला ते कंबरेवर हात ठेवून उभे राहिले. त्यांची ती ढब लेकीनं ओळखली आणि कागदांची पिशवी छातीशी धरून ती खाली उतरली.

"अब्बा, सांगलीत माझं काम हुस्तवर आपण महाराष्ट्रातच हाय. गप ढकला."