दुसऱ्या आणि चौथ्या रविवारचा ट्रक

पाळकसाहेबांचा जुना ट्रक मेला तो माउंट नीबोहून परत येताना, दुपारी तीनच्या सुमाराला, मागच्या ट्रेलरमध्ये माझा ऑर्गन असताना. इंजिन गुरगुरत होतं, पण एकही गिअर पडेना. रेव्हरंड ॲल्विन टॉलिव्हर, म्हणजे आमचे पाळकसाहेब, खाली उतरले, बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "पुष्कळ केलंस रे बाबा." आजारी माणसाच्या उशाशी बसून ते याच आवाजात बोलतात. तेव्हाच मला कळलं, हा आता उठत नाही.

त्यांचे रविवार वाटून दिलेले आहेत. पहिला आणि तिसरा आमच्या न्यू शायलो चर्चच्या मंडळीत, दुसरा आणि चौथा माउंट नीबोत. शिवाय दर बुधवारी नीबोत प्रार्थनासभा. नीबो अठ्ठ्याहत्तर मैलांवर, कापसाच्या रानांपलीकडे, जिथे अलाबामातला डांबरी रस्तासुद्धा कंटाळून संपतो. मंडळीत माणसं अकरा, त्यातलं सगळ्यात धाकटं अठ्ठावन्न वर्षांचं. छप्पर गळतं, तिथला पियानो ओलीने फुगून मेला, म्हणून मी दरवेळी माझा ऑर्गन ट्रेलरमध्ये घालून नेते. चढवायला-उतरवायला चार माणसं लागतात, आणि नीबोतली चार म्हणजे आपल्याकडची दोन.

एवढा खटाटोप कशासाठी, असं लोक विचारतात. त्यांनी पाळकसाहेबांचं प्रवचन ऐकलेलं नसतं. आधी ते नुसते बोलतात, शेजारच्याशी बोलावं तसं. मग एखादा शब्द जरा लांबतो. मी खाली एक सूर धरून ठेवते. पुढचा शब्द त्या सुराला येऊन टेकतो, त्याच्या पुढचा वर चढतो, बाकांवरून "हो, सांगा! सांगा!" सुरू होतं आणि मग बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे लागलं हे देवालाच ठाऊक. नीबोतल्या मदर आर्झुला हॅचर ब्याण्णव वर्षांच्या आहेत, कमरेतून वाकलेल्या. त्या वेळी त्या ताठ उभ्या राहतात. मी पाहिलंय.

वसंतात न्यू शायलोने ठराव केला होता की पाळकसाहेबांनी चारही रविवार आमच्याकडेच यावं. मंडळी दीडशेची झाली होती, मागणं वाजवी होतं. त्यांनी नीबो सोडलं तर तिथे दुसरं कोणी जाणार नाही, दाराला कुलूप लागेल, हे सगळ्यांना माहीत होतं. कोणी बोललं नाही. ठरावाला माझाही हात वर होता. दर रविवारी ते प्रवचन ऐकायला मिळावं, एवढाच माझा लोभ. पाळकसाहेब म्हणाले, "प्रार्थना करून सांगतो." त्याला पाच महिने झाले होते.

तर ट्रक गेला रविवारी, आणि सोमवारी आम्ही शोरूमच्या आवारात उभे. ट्रेलर ओढायला आमच्या मंडळीचे कारभारी, डीकन वेंडेल सग्ज, यांचा ट्रक लागला, म्हणून डीकनही आले. ते न बोलावताही आलेच असते. एकतीस वर्षं त्यांनी काउंटीच्या शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या आहेत. दुसऱ्याचं बॉनेट उघडं दिसलं की त्यांचे पाय आपोआप तिकडे वळतात.

लॅमार नावाच्या विक्रेत्याने दोन ट्रक शेजारी शेजारी उभे केले. अंगाने जुळे भाऊच. एकात नेहमीचं पेट्रोल इंजिन, दुसऱ्यात याच वर्षी आलेलं नवं डिझेल.

"या आकाराच्या ट्रकमध्ये आमच्या कंपनीने पहिल्यांदाच डिझेल बसवलंय," लॅमार म्हणाला.

"पहिल्यांदाच ना? मग झालं तर," डीकन म्हणाले. "पहिल्या वर्षाचं इंजिन घेणं म्हणजे कंपनीकडे बिनपगारी नोकरी करणं. चुका आपण शोधायच्या आणि सुधारलेला माल पुढच्या गिऱ्हाइकाला. पाळकसाहेब, पेट्रोलचा घ्या. त्याची नाडी मला कळते."

"आधी चालवून तर बघू. लॅमार, माझा ट्रेलर जोडून दे."

"ते चालत नाही, साहेब. चालवून बघायचा तर रिकामा."

"मी रिकामा कधी जातच नाही, बाळा. रिकामा चालवून मला काय कळणार?"

लॅमारने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आत ऑर्गन आहे. माझ्या आईचा. तो पडणार नाही याची काळजी तुझ्यापेक्षा मला जास्त आहे." तो आत गेला, मालकाशी बोलून आला आणि स्वतःच पुढच्या सीटवर बसला. "चढापर्यंत जायचं आणि परत यायचं," म्हणाला.

आधी पेट्रोलचा. सपाटीला छान पळाला. चढ लागला तसा गिअर खाली, आणखी खाली, आणि इंजिन असं किंचाळायला लागलं की लॅमारला बोलणं थांबवावं लागलं. वर पोचला, नाही असं नाही. पण नवखा उपदेशक पहिल्याच वाक्याला ओरडतो आणि पुढे त्याच्याकडे काही उरत नाही, तसं मला वाटलं.

मग डिझेल. चढ आला, ट्रेलर मागे ओढायला लागला, मी कान टवकारले. आवाज चढलाच नाही. खालच्याच पट्टीत, छातीतून काढल्यासारखा घुमत राहिला आणि ट्रक माथ्यावर आला. मला फार बरं वाटलं. पाठोपाठ ओशाळल्यासारखं झालं, कारण हा ट्रक कुठल्या रस्त्यासाठी आहे ते मला कळत होतं आणि वसंतात मी कशाला हात वर केला तेही.

परत आलो तेव्हा डीकन आवारात येरझाऱ्या घालत होते. आमचे चेहरे बघून त्यांनी ओळखलं.

"आवडला तर. बरं, ऐका आता. या इंजिनाच्या धुराच्या नळीत गाळणी असते. काजळी तिच्यात साठते. लांबवर, एका चालीने गाडी पळवली की गाळणी तापते आणि काजळी जळून जाते. पण दोन मैल जायचं, बंद करायचं, परत दोन मैल, असं केलं की ती चोंदते. गावातल्या गावात फिरणाऱ्या बसगाड्यांनी माझा जीव खाल्ला होता. लांबच्या फेरीच्या बसला मला या कामासाठी कधी हात लावावा लागला नाही." मग त्यांनी आवाज मऊ केला. "तुमचं घर ते न्यू शायलो दोन मैल. तुम्ही चारही रविवार आमच्याकडे आलात की हा ट्रक रुसून बसणार. तुमच्या भल्याचं सांगतोय."

पाळकसाहेबांनी विचारलं, "आणि नीबोला जात राहिलो तर?"

डीकन सग्ज इंजिनाबद्दल खोटं बोलू शकत नाहीत. बायकोच्या स्वयंपाकाबद्दल बोलतात, मी ऐकलंय. इंजिनाबद्दल नाही. त्यांनी टोपी काढली, परत घातली. "तर त्याला मानवेल."

"बुधवारसकट?"

"बुधवारसकट तर चांगलंच मानवेल."

"वेंडेल, तुमच्या ठरावाचं उत्तर मी पाच महिने टाळलं," पाळकसाहेब म्हणाले. "खरं सांगतो, मी जुना ट्रक मरायची वाट बघत होतो. म्हटलं, तो गेला की समजू देवानेच सांगितलं, आता पुरे. काल तो गेला. मी रस्त्याकडेला उभा राहिलो आणि माझ्या मनात पहिलं काय आलं, माहितीये? बुधवारी कसं जायचं. सुटलो असं आलं नाही. बुधवारी कसं जायचं, हेच आलं."

लॅमारने हातातलं पत्रक घडी करून खिशात टाकलं.

"माझं वय त्रेसष्ट. पुढच्या हिवाळ्यात, गुडघा दुखत असताना, मन म्हणणारच की आज राहू दे. मला असाच ट्रक पाहिजे, जो घरी बसवला की आजारी पडतो."

"पहिल्या वर्षाचं इंजिन आहे, मी सांगून ठेवतो. बिघडलं तर मला काही येत नाही त्यातलं."

"मग शिका. सत्तर म्हणजे काही फार नाही."

"एकाहत्तर," डीकन म्हणाले. मग जमिनीकडे बघत, "आणि आमचा दुसरा-चौथा रविवार?"

"तुम्ही एक फोन केलात तर तीन उपदेशक धावत येतील. चांगले आहेत, मी नावं देतो. पहिला आणि तिसरा माझा, तुम्हाला माझा कंटाळा येईपर्यंत. पण मंडळीला चारही रविवार देणाराच पाळक हवा असेल, तर तसा बघा. मला वाईट वाटेल. राग येणार नाही. नीबो मात्र मी सोडत नाही."

ते प्रवचनात म्हणतात तसं म्हणाले नाहीत. साध्या आवाजात, दरवाजा लावून घ्यावा तसं म्हणाले.

डीकन माझ्याकडे वळले. "सिस्टर आयडेला, तुम्ही तरी काही बोला. ठरावाला तुमचाही हात होता."

"होता," मी म्हटलं. "तो मी खाली घेते. मंडळीपुढे उभी राहून घेईन."

"म्हणजे दुसऱ्या रविवारी पाळकही नाहीत आणि ऑर्गनही नाही!"

"टाळ्या आहेत की. तुमच्या बायकोच्या टाळ्या नदीपार ऐकू जातात."

ते हसणार नव्हते, पण हसले. मग नव्या ट्रकभोवती एक फेरी मारली, खाली वाकून धुराची नळी पाहिली, चाकाला लाथ मारली आणि ओरडले, "लॅमार! इकडे ये. या इंजिनाला काही झालं, तर नीट होईपर्यंत दुसरा ट्रक देणार का? याच ताकदीचा, ट्रेलर ओढणारा."

"बघतो, साहेब. मालकाला विचारून—"

"विचारून ये आणि लेखी घेऊन ये. आणि याच्या इंजिनाचं जाडं पुस्तक असेल ना, दुरुस्तीवाल्यांसाठी छापतात ते? गिऱ्हाइकाचं पातळ नको. जाडं."

लॅमार आत गेला. पाळकसाहेबांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण डीकन ऐकायला थांबले नाहीत. ते बॉनेट उघडून आत डोकं घालून उभे होते आणि स्वतःशीच पुटपुटत होते, "तेलाची गाळणी कुठे घातलीय बघा गाढवांनी. हात तरी कसा पोचायचा माणसाचा."