सपाट भिंत

खेळ पायांचा आणि परीक्षा हातांची! फुटबॉलच्या निवडीत हे खूळ कुणाच्या डोक्यातून निघालं, देव जाणे. टेनिसचा चेंडू एका हाताने भिंतीवर मारायचा, दुसऱ्या हाताने झेलायचा. अर्ध्या मिनिटात चोवीस झेल झाले तर आत, नाहीतर घरचा रस्ता. संधी दोनच.

शहरातली पोरं तीस-तीस झेल घेऊन हसत बाहेर पडत होती. खेळाच्या बाईंनी खेड्यातून पाच मुली आणल्या होत्या, त्यातल्या चौघी सकाळीच गळाल्या. "वर्षभराचा सराव पाण्यात घातलात! तोंडावर पाडलंत मला!" असं फाडफाड बोलून बाईंनी त्यांना गाडीत नेऊन बसवलं. आता उरली एकटी, सगळे लाडाने खारूताई म्हणायचे ती. बारा वर्षांची, पण चेंडू पायात आला की भल्याभल्यांना चकवणारी.

शिट्टी वाजली. पहिलाच चेंडू तिच्या छातीवर आदळला, दुसरा खांद्याला लागून गेला. पोरीचा हात दर वेळी बाजूला लांब जात होता आणि चेंडू सरळ नाकासमोर येत होता. कसेबसे अठरा झाले.

"बाई, इथली भिंत वाकडी आहे," ती रडवेली होऊन म्हणाली.

बाई चपापल्या. त्यांची शाळा पत्र्याची. भिंतीवर चेंडू मारला की वर्गात कानठळ्या बसायच्या, म्हणून त्यांनी सराव करून घेतला होता तो मागच्या पाण्याच्या गोल टाकीवर. गोल टाकीवरून चेंडू तिरका परत येतो. पोरी वर्षभर तिरका चेंडूच झेलायला शिकल्या होत्या.

दुसरी संधी दोन मिनिटांवर आली होती. खरं सांगावं तर पोरीचा उरलासुरला धीर सुटायचा, न सांगावं तर हात पुन्हा बाजूलाच जायचा. इकडे आड, तिकडे विहीर.

"भिंत सरळच आहे गं," बाई म्हणाल्या. "चुकीचं मीच शिकवलं. आपली टाकी गोल, म्हणून तिथे चेंडू बाजूला जायचा. इथे सरळ येईल. हात पोटासमोर धर."

पोर रेषेवर जाऊन उभी राहिली.

शिट्टी. चार झेल नीट बसले. पाचव्याला हात सवयीने बाजूला गेला आणि चेंडू निसटला. बाईंनी ओठ दाताखाली धरला, कारण बाहेरून कुणी ब्र काढला तर मुलगी बाद. वीस. एकवीस. पंचाने शिट्टी तोंडात धरली. तेवीस. चेंडू भिंतीवर आपटला, हातात बसला आणि मगच शिट्टी झाली.

"चोवीस," पंच म्हणाला.

बाईंनी तिला घट्ट कवेत घेतलं. डोळ्यांतलं पाणी काही केल्या थांबेना. पोर मात्र हसली नाही.

"बाई, त्या चौघींना सांगाल ना?"

"काय गं?"

"आत्ता मला सांगितलंत ते."

त्या चौघींच्या दोन्ही संधी संपल्या होत्या. बाई जड पावलांनी फाटकाबाहेर गेल्या आणि त्यांनी गाडीचं दार उघडलं. चौघींनी अंग चोरलं. त्यांना वाटलं, बाई आणखी रागवायला आल्या.