गोवालच्या ढिगाखालचा दगडी रूळ

मित्रांनो, कळसाडीहून सातपुड्याच्या पायथ्याकडे जाणारी सडक एका उतारावर उगाचच वळते. समोर ओढा नाही, टेकडी नाही, तरी गाड्या तिथे वळसा घालतात. वळणाच्या पोटात दगडांचा मोठा ढीग आहे. त्या ढिगाच्या तळाशी मी पडलो आहे. मी सडकेची खडी दाबणारा जुना रूळ, काळ्या दगडाचा. मी एक माणूसही दाबला आहे. ते कसे घडले हे मीच सांगितलेले बरे.

माझा जन्मच माराचा आहे. पाथरवटांनी सुतकीचे, म्हणजे जड हातोड्याचे, घाव घालून मला खडकातून फोडून काढले, गोल केले आणि माझ्या पोटातून लोखंडी कणा घातला. सरकारची सडक तेव्हा नवी होत होती. ती नेमकी एका भिल्ल शेतकऱ्याच्या वावरातून गेली. त्याने तिथले जंगल स्वतःच्या कुऱ्हाडीने तोडून शेत केले होते. तो माझ्यापुढे आडवा पडला, तेव्हा शिपायांनी त्याला बंदुकीच्या दस्त्यांनी झोडपले आणि पाय धरून फरफटत बाजूला नेले. मग मी त्याच्या उभ्या पिकावरून फिरलो. त्याचे दात सांडले होते ती माती मीच दाबून बसवली.

त्याचा मुलगा गोवाल पुढे माझ्याच कामावर लागला. पोट कोणाला चुकले आहे? उतारावर मी सुटू नये म्हणून मला मागूनही एक दोर बांधत, आणि तो दोर गोवालच्या हातात असे. त्याचे तळवे सोलून निघत, पण दोर कधी सुटला नाही. पुढे ओढणारे गडी मागे वळून न पाहता बिनघोर चालत. साहेब घोड्यावरून येई आणि माझी पाठ थोपटून म्हणे, सडक कशी आरशासारखी! मी फुगून जाई. गोवालची पाठ कोणी थोपटली नाही.

मग एका बाजाराच्या दिवशी दवंडी पिटली गेली. सरकारने ही सडक आता सोडली, यापुढे लोकल बोर्ड पाहील. सरकारी गडी घरी गेले. बोर्डाचे कोणी आलेच नाही. पावसाळे गेले, खडी उखडली, मी कडेला गवतात पडून राहिलो. माझ्या अंगावर शेळ्या चढू लागल्या, दुसरे काय!

गोवालच्या लोकांत एक रीत होती. शेत सोडणाऱ्याने चारचौघांत तसे सांगितले, की ते शेत पहिल्याने जंगल तोडणाऱ्याच्या घरी परत जाते. मग कोणाला विचारावे लागत नाही. आणि दवंडी तर साऱ्या बाजाराने ऐकली होती. गोवालने आनंदाने कुदळ उचलली. खडी एवढी घट्ट बसलेली, की कुदळ मोडली. मीच दाबलेली ना ती! त्याने आणि त्याच्या बायकोने, कालीबाईने, ती हातांनी उपटली आणि तिथे ज्वारी पेरली. ज्वारी कमरेला आली तेव्हा बोर्डाला सडक आठवली, कारण कापसाच्या गाड्या अडल्या होत्या.

बोर्डाचा मुकादम लोटन काठ्या घेतलेले गडी घेऊन आला. त्यांनी मला गवतातून ओढून उताराच्या माथ्यावर आणले.

"गोवाल, बाजूले व्हय," लोटन ओरडला. "सरकारनी सडक बोर्डले दिधी, तुले नई!"

"आम्हनामा जो जंगल तोडस तेन्हंच वावर," गोवाल म्हणाला. "हाई वावर मन्हा बापनं शे."

"फिरावा रे रूळ! ज्वारीवरथून फिरावा!"

गोवालने धनुष्य ताणले. बाण लोटनच्या खांद्यात घुसला. लोटन कोसळला तसे पुढचे गडी माझे दोर टाकून काठ्या घेऊन धावले. मागचा गडीही दोर टाकून धावला. गोवालच्या डोक्यावर काठी बसली, मग गुडघ्यावर, मग तोंडावर. ज्वारीची पाने लाल झाली. तो उताराच्या मधोमध पडला, आणि मी हललो.

"दोर धरा रे!" कालीबाई किंचाळत धावली. "कोन्ही तरी दोर धरा!"

गड्यांनी एकमेकांकडे पाहिले. प्रत्येकाला वाटले, दुसऱ्याने धरला असेल. कालीबाईने एकटीने दोर पकडला. तिच्या तळव्यांची सालटी दोराबरोबर गेली, पण मी थांबलो नाही. गोवालने मान उचलून मला पाहिले. त्याने मला इतकी वर्षे आवरले होते, आणि मी त्याच्याच छातीवरून गेलो. त्याच्या बरगड्यांचा आवाज अजून माझ्या अंगात आहे.

फौजदाराने विचारले, रूळ कोणाचा? बोर्ड म्हणाले, सडक आमची, रूळ सरकारचा. सरकार म्हणाले, सडकेबरोबर रूळही दिला. शेवटी मी कोणाचाच ठरलो नाही, म्हणून त्याच जागी पडून राहिलो, आणि गोवालला मारणाराही कोणी सापडला नाही. मला रागाने फुटून जावेसे वाटले.

पण भिल्लांची आणखी एक रीत आहे. माणूस जिथे मारला जातो तिथून जाताना प्रत्येकाने एक दगड टाकायचा. पहिला दगड कालीबाईने चिंध्या बांधलेल्या हातांनी टाकला. मग लाकूडतोडे, बाजारकरी, मजुरीला जाणारे, सगळे टाकत गेले. टाकलेली खडी सडकेचीच होती. ढीग सडकभर पसरला, गाड्यांना वाट उरेना, म्हणून त्या बाजूच्या पडीक जमिनीतून वळून जाऊ लागल्या. बोर्डानेही मग तीच वाट सडक म्हणून धरली. ढिगाभोवतीच्या वावरात आता कालीबाईची ज्वारी उभी असते.

मित्रांनो, उतारावर मोठे ओझे असेल तर मागचा दोर कोणाच्या हातात आहे ते आधी बघा. कोणाच्याच हातात नसेल तर तुम्ही धरा. आणि इथून गेलात तर एक दगड टाकून जा. तो माझ्या डोक्यावर पडेल. पडू द्या.