गुळाखालचे कडू

"पन ह्यांना अन्नाचाच संशय का, बाई? चोराचा का न्हाई, भुताचा का न्हाई?"

लंकाबाईंचा हा प्रश्न ऐकून डॉक्टर दिशांनी वर पाहिले. संगमनेरच्या त्या मानसोपचाराच्या दवाखान्यात बाहेर वीसेक माणसे ताटकळत होती. तरी त्यांनी पेन खाली ठेवले.

"आजी, मेंदूतल्या रसायनांचा तोल ढळला, की नसलेला धोकाही खरा वाटू लागतो. गोळी तो तोल सावरते. पण धोका ताटातच का दिसतो, ते गोळीला ठाऊक नसतं."

"मला ठाव हाय," लंकाबाई म्हणाल्या, आणि सांगू लागल्या.

त्यांच्या यजमानांनी, कोंडीरामांनी, चौतीस वर्षे गावच्या दूध संस्थेत एकच कर्म निष्ठेने केले होते: आलेले दूध जिभेवर थेंब घेऊन तपासावे आणि भेसळीचे परत करावे. एके सकाळी त्यांनी सख्ख्या भावाच्या, भिमाजीच्या दुधात पाणी असल्याचे सांगितले आणि दहा जणांदेखत त्याचा कॅन परत केला. त्यानंतर बारा वर्षे भिमाजी जगला. पण भावाच्या घरचे पाणी त्याने ओठांना लावले नाही. गेल्या माघात तो निवर्तला. तेराव्याच्या पंगतीत कोंडीराम भरल्या ताटावरून उठले ते, "ह्यात कायतरी घातलंय," असे म्हणतच.

डॉक्टरांनी सारे शांतपणे ऐकून घेतले. "यावर त्यांच्याशी पुष्कळ बोलावं लागेल. पण आधी ते जेवायला हवेत, म्हणून गोळी. मात्र सांगून द्या, आजी. लपवून नको."

लंकाबाईंनी आठ दिवस, डॉक्टरांचे म्हणणे समजावत, गोळी सांगूनच दिली. आठही दिवस कोंडीरामांनी ती थुंकली. "मला मारायला निघालीस व्हय गं?" स्वहस्ते सोललेली केळी आणि भुईमुगाच्या शेंगा, एवढ्यावरच त्यांचा देह तगून होता. बरगड्या मोजता येऊ लागल्या.

नवव्या दिवशी लंकाबाईंनी गोळी कुटली, आमटीत कालवली, वर गुळाचा खडा अधिक घातला आणि "माझ्यासाठी एक घास," म्हणत ताट पुढे केले.

पहिल्याच घासाला कोंडीराम थांबले. "लंका, काय घातलंस ह्यात?"

"गूळ जरा जास्ती झाला, अवो."

"गूळ कळतोय मला. गुळाखाली कडू हाय."

जिभेची पारख तसूभरही चुकली नव्हती. आता 'होय' म्हणावे, तर ते या हातचे पुन्हा कधीच खाणार नाहीत, हे लंकाबाई जाणून होत्या.

कोंडीरामांचा स्वर मृदू झाला. "चव्वेचाळीस वर्सांत तू माझ्याशी खोटं बोलली न्हाईस. तू नुसतं न्हाई म्हन. मी खातो."

चुलीतले लाकूड विनाकारण पुढे सारत त्या म्हणाल्या, "न्हाई."

कोंडीराम जेवले. सावकाश, आज्ञाधारकपणे, आमटीचा शेवटचा थेंबही भाकरीच्या तुकड्याने टिपून घेत. मग त्यांनी आपला तळवा कपाळावर ठेवला, आणि तो बराच वेळ तेथेच राहिला.

"मंग डाक्टरीनबाई खरं बोलली. माझंच डोस्कं फिरलंय." त्यांनी पत्नीकडे पाहिले. त्या दृष्टीत संशय उरला नव्हता. "लंका, ही जीभच खोटी, तर भिमाच्या दुधात तरी पानी हुतं का गं?"