पैलतीरावर टाकलेला रुमाल

भाग तिसरा

हा भाग तुमच्यासाठी अजून उघडलेला नाही. तो बुधवारी सर्वांसाठी खुला होईल. आपला उत्साह आम्ही समजू शकतो.

भाग पहिला
(ज्यांनी जास्त पैसे भरले त्यांच्यासाठी)

अभिनव शुक्रवारी दुपारी आत गेला. आम्ही दोघं बाहेर राहिलो.

आम्ही दोघं म्हणजे मी, उत्कर्षा, मुक्काम धायरी, आणि श्यामसुंदरकाका, मुक्काम सहकारनगर, चौथा मजला, लिफ्ट नाही. काकांचे गुडघे गेल्यापासून ते खाली उतरतात ते फक्त मतदानाला आणि डॉक्टरकडे. अभिनव मूळचा वर्ध्याचा. खराडीत नोकरी करतो, वाघोलीत राहतो. आमचं तिघांचं नातं काही नाही. एका ऑनलाइन खेळात आमची घरं शेजारी होती आणि तिघांत मिळून एक अंगण होतं. रोज संध्याकाळी आम्ही त्या अंगणात बसायचो. खेळायचो कमी, बोलायचो जास्त. दिवाळीत कंपनीने तो खेळ बंद केला. अंगण गेलं.

आता त्याच कंपनीचा नवा खेळ आलाय. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे. आम्ही त्याला पैलतीर म्हणतो. एक नदी, नदीकाठी जमीन, आत येणाऱ्या प्रत्येकाला एक जागा. एकदा घेतलेली जागा बदलून मिळत नाही. आणि जागा घेतली की आवाज फक्त कुंपणाला कुंपण लागून असलेल्या शेजाऱ्यालाच ऐकू जातो; जागा न घेतलेल्या माणसाशी मात्र समोरासमोर बोलता येतं.

म्हणजे जागा शेजारी मिळाल्या तर अंगण, नाहीतर काही नाही.

आणि आत सोडणार तीन वेळा. शुक्रवारी महागडी आवृत्ती घेणारे, सोमवारी आधी नोंदणी केलेले, बुधवारी उरलेले सगळे. अभिनव शुक्रवारचा, मी सोमवारची, काका बुधवारचे. काकांना महागडी आवृत्ती परवडत नव्हती असं नाही.

"पैसे देऊन पुढे जाऊन दर्शन मी देवळातसुद्धा घेत नाही," ते म्हणाले होते. "रांग म्हणजे रांग."

"काका, तिथं नदीकाठ संपून जाईल ना बाप्पा!"

"संपू दे. आम्ही डोंगरावर राहू. हवा चांगली असते."

तर शुक्रवारी दुपारी अभिनवने आम्हाला व्हिडिओ कॉल लावला आणि स्वतःचा पडदा दाखवला. नदी खरोखर सुंदर होती. मला इतका राग आला की मी चहा करायला उठले.

परत आले तेव्हा तो एका वळणावर पोचला होता. तिथे पाणी वाकतं, एक मोठं झाड आहे आणि तीन जागांचे कोपरे त्या झाडाखाली एकत्र येतात. तीन घरं, मध्ये अंगण. जणू आमच्यासाठीच कुणीतरी आखून ठेवलं होतं. अभिनवने त्यातली एक जागा घेतली. मग उरलेल्या दोन जागांकडे बघत उभा राहिला. तेवढ्यात मागून चार-पाच जण धावत आले.

त्या घाईत त्याने जे केलं, ते कुठल्याही नियमात लिहिलेलं नव्हतं. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि डावीकडच्या जागेत टाकली. गळ्यातला रुमाल काढला आणि उजवीकडच्या जागेत टाकला. धावत आलेल्यांपैकी एकाने उजवी जागा घ्यायचा प्रयत्न केला. खेळाने दिली नाही. जिथे दुसऱ्याची वस्तू पडली आहे ती जागा वापरात आहे, असं त्या बिचाऱ्या खेळाला वाटतं.

"टाकला रुमाल!" अभिनव ओरडला. "ताई, टोपी तुमची. काका, रुमाल तुमचा."

"आपण स्वारगेटला उभे आहोत का, अभिनवराव?" काकांनी विचारलं.

"वर्ध्याच्या गाडीत बारा-बारा तास उभं राहून शिकलोय, काका. आधी खिडकीतून रुमाल, मग दारातून माणूस."

"रुमाल म्हणजे तिकीट नव्हे."

"काहून नव्हे? लोक मानतात ना!"

"लोक," काका म्हणाले. या एका शब्दात त्यांनी काय काय भरलं होतं ते पुण्याबाहेरच्या माणसाला सांगता येणार नाही.

मधला भाग
(कुणासाठीच नाही)

शनिवार.

अभिनवने विहीर खणली.

रविवार.

अभिनवने कोंबड्या घेतल्या. मला फोटो पाठवला. मी अंगठा पाठवला. मनात वेगळं बोट होतं.

कंपनीच्या पानावर हजारो लोक चिडले होते. कुणी लिहिलं होतं, आम्ही तुमच्या जुन्या खेळात सात वर्षं काढली आणि आता दाराबाहेर उभे. कुणी लिहिलं होतं, लग्नाला बोलावून तिसऱ्या पंगतीला बसवताय, तोवर जिलबी उरेल का? प्रत्येकाच्या खाली कंपनीचं एकच उत्तर होतं. आपला उत्साह आम्ही समजू शकतो.

मीही लिहिलं: "हा उत्साह नाही, संताप आहे."

उत्तर आलं: आपला उत्साह आम्ही समजू शकतो.

काकांना वाचून दाखवलं. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

भाग दुसरा
(ज्यांनी आधी नोंदणी केली त्यांच्यासाठी)

सोमवारी मी आत गेले आणि थेट वळणावर पोचले. टोपी होती! अभिनवने ती उचलली, मी जागा घेतली, कुंपण आपोआप उभं राहिलं. कुंपणावर दोनच बटणं होती. एक रंग बदलायचं. दुसरं, 'कुंपण आत घ्या'. ते चुकून दाबलं तर खेळाने विचारलं, "खात्री आहे ना? सोडलेली जमीन परत मिळणार नाही आणि ती कुणीही घेऊ शकेल." मी घाईघाईने 'नाही' म्हटलं. असलं बटण कोण कशाला दाबेल?

नदीकाठाकडे पाहिलं तर हसूच फुटलं. दोन दिवसांत सगळ्यांनी अभिनवचं बघून शिकून घेतलं होतं. पार क्षितिजापर्यंत टोप्या, बूट, पिशव्या, पाण्याचे तांबे, एके ठिकाणी तर कोंबडी बांधलेली. अनवाणी, बोडक्या माणसांची आख्खी वस्ती आणि प्रत्येकाचं कुणीतरी यायचं राहिलेलं.

काकांचा रुमाल जागच्या जागी होता. निळा, जरा वाऱ्याने हलणारा.

"ऐकू येतं का?" कुंपणापलीकडून अभिनवचा आवाज आला. फोनवर नाही. तिथे.

"येतं," मी म्हटलं आणि शुक्रवारपासूनचा राग कुठे गेला ते कळलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी कंपनीने दुरुस्त्या केल्या. पत्रक असं होतं:

नदीवरचा पूल आता हलणार नाही.
कोंबड्या पाण्यावर चालत होत्या, ते थांबवले आहे.
जमिनीवर बेवारस पडलेल्या वस्तू हटवल्या आहेत.

बेवारस! मी बसमध्ये होते, सिंहगड रोडवर. अभिनव ऑफिसच्या मीटिंगमध्ये होता. घरी पोचून आत गेले तेव्हा सगळा नदीकाठ झाडून लख्ख झालेला. उजवीकडच्या जागेत रुमाल नव्हता. तिथे नवं पिवळं कुंपण होतं आणि आत एक बाई माती उकरत होती. डोक्यावर नाव तरंगत होतं: हिरा.

काकांना मीच सांगितलं. 

"बरोबर आहे तिचं," ते म्हणाले. "जागा रिकामी होती, तिने घेतली. मी तर पहिल्यापासून सांगत होतो."

"काका, तसं नाही…"

"मी मागे घेतो एखादी. मागे शांतता असते. तसंही इथे चौथ्या मजल्यावर मला शांततेची सवय आहे."

हे त्यांनी नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हटलं. म्हणूनच मला ते सहन झालं नाही. मी फोन ठेवला आणि सरळ पिवळ्या कुंपणापाशी गेले.

"जागा छान मिळाली हो तुम्हाला," मी म्हटलं.

"व्हय, लई झकास हाय," बाई म्हणाली. "झाडाची सावली बी हाय."

"हो ना. आमचा रुमाल होता तिथे."

माती उकरायची थांबली. "रुमाल होता?"

"होता. शुक्रवारपासून."

"आवो मग सांगायचं की! मला काय दिसलं न्हाई. मी आले तवा सगळं झाडून नेल्यालं." तिच्या आवाजात खरंच अपराधीपण होतं आणि मला माझ्या टोमण्याची लाज वाटली. "कोन येनार होतं?"

"आमचे काका. उद्या येतील. ते शेवटच्या लोकांत आहेत."

"वय?"

"सत्तरीच्या पुढे."

"आन् तुमी दोघं?"

"मी इथे, अभिनव तिथे."

तिने तिन्ही कुंपणांकडे पाहिलं. म्हणजे तिच्या बाहुलीने मान वळवली. "मग सरका की," ती म्हणाली. "तिघांच्या बाकावर चौघं बसत्यात. आमच्या लोणीकंदच्या गाडीत पाच बसत्यात."

"सरका म्हणजे?"

"ते कुंपन आत घ्यायचं बटन हाय न्हवं? मला वाटलं त्यापायीच दिलंय."

अभिनवने रात्रीचं जेवण टाकून हिशेब केला. घर उभं राहायला किमान एक पट्टी लागते. माझी आणि त्याची सोडलेली जमीन मिळून ती होत नव्हती. हिराबाईंनीही सोडली तर होत होती, जेमतेम, झाडाच्या बुंध्याला लागून.

"पण तुम्ही कशाला सोडता, हिराताई?" त्याने विचारलं. "तुमची तर हक्काची आहे."

"रुमालावर बसले न्हवं मी," ती म्हणाली. "नकळत का व्हईना."

भाग तिसरा
(सर्वांसाठी)

उघडला.

बुधवारी दुपारी फाटक उघडलं आणि माणसांचा लोंढा आत आला. अडचण एकच होती. सोडलेली जमीन कुणीही घेऊ शकत होतं, आणि दुरुस्तीनंतर रुमाल टाकून ती अडवता येत नव्हती. म्हणून काका जागेवर येऊन उभे राहीपर्यंत बटण दाबायचं नाही, असं ठरलं.

काका चालत आले, फोनवर आमच्याशी बोलत. पळायचं बटण असतं हे त्यांना सांगितलं होतं. "मी घरातही पळत नाही," ते म्हणाले होते. शेजारून शेकडो लोक सुसाट चाललेले आणि त्यांतून पांढऱ्या सदऱ्यातली एक आकृती, वाटेत थांबून पूल बघत, मासे बघत.

"काका, नंतर बघा!"

"पूल हलत नाहीये. पत्रक खरं निघालं."

शेवटी ते झाडाखाली आले, अगदी बुंध्याशी उभे राहिले. अभिनव म्हणाला, "एक, दोन, तीन." तिघांनी बटण दाबलं. तिन्ही कुंपणं थरथरली, आत सरकली. झाडाला लागून चिंचोळी पट्टी मोकळी झाली.

"काका, घ्या! 'जागा घ्या' दाबा!"

काही झालं नाही.

"काका?"

"वाचतोय."

"काय वाचताय?"

"अटी. 'जागा घेणाऱ्याने पुढील बाबी मान्य…'"

"अहो काका, वाचू नका, दाबा!"

"न वाचता मी आयुष्यात सही केलेली नाही, उत्कर्षाबाई. आता इथे करणार?"

लोंढ्यातून एकजण बाहेर आला, हातात नवीकोरी कुदळ. पट्टीकडे बघितलं, आम्हाला बघितलं. "रिकामी आहे का ही?"

 

"न्हाई वो," हिराबाई शांतपणे म्हणाल्या. "मानूस बसलाय."

त्याने अटी वाचत निश्चल उभ्या असलेल्या काकांकडे पाहिलं. त्याच्या एका बोटाचं काम होतं. "बरं बरं," तो म्हणाला आणि पुढे निघून गेला.

"कलम सातमध्ये शुद्धलेखन चुकलंय," काका म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं.

कुंपण उभं राहिलं. तुळशीवृंदावनाला जेवढी जागा लागते त्याहून थोडी जास्त. घर इतकं अरुंद झालं की त्याचं दार आत उघडेना, ते बाहेर, आमच्या अंगणातच उघडायला लागलं. चार कुंपणं एकमेकांना टेकलेली, मधोमध झाड.

 अभिनवची कोंबडी काकांच्या उंबऱ्यावर येऊन बसली. हिराबाईंनी विचारलं, चहा कुठल्या घरात करायचा, आणि इथे चहा करता येतो का हेच आम्हाला तिघांना माहीत नव्हतं.

"कशी आहे जागा, काका?" मी विचारलं.

"पाय पसरता येत नाहीत," काका म्हणाले. "एका बाजूला झाड टोचतं, दुसऱ्या बाजूला अभिनवरावांची कोंबडी. नदी दिसते ती हिराबाईंच्या खिडकीतून, त्यांनी पडदा लावला नाही तर."

"आन् ऐकू येतंय का?" हिराबाईंनी विचारलं.

"तिघांचंही," काका म्हणाले. "जरा हळू बोला."