जिन्याची रुंदी

मच्छिंद्र मिस्त्रीने तिसऱ्यांदा टेप धरली. स्लॅबमध्ये जिन्यासाठी मोकळी सोडलेली चौकट अडीच फूटच रुंद भरली. पलीकडच्या कोपऱ्यात माल पडायला लागला होता. मिक्सरच्या घरघरीत मजूर एकमेकांना हिंदीतून हाका मारत होते. तासाभरात काँक्रीट इथवर पोचणार होतं.

“आप्पा, फूटभर वाढवू का?” त्याने घरमालक जयसिंगला विचारलं.

“पुन्हा तेच? खाली दुकानाचा गाळा हाय. शिक्रापुरात फूटभर जागा म्हंजी काय, तुला म्हाईत न्हाई व्हय?”

“कपाट न्यायचं म्हटलं तर वळणावर अडकंल.”

“गॅलरीतनं चढवू, दोरीनं.”

मच्छिंद्रने टेप सोडली, ती सर्रकन आत गेली. दौंडला त्याने स्वतःचं घर स्वतःच्या हाताने बांधलं होतं, जिना असाच अरुंद ठेवून. गेल्या माघात त्याची आई वरच्या खोलीत वारली. तिला आडवं धरून चौघांना वळणावर उतरता येईना. शेवटी चादरीत बांधून, दोऱ्या लावून गॅलरीतून खाली सोडावं लागलं. सारी गल्ली मान वर करून बघत होती.

पण हे आज कसं बोलायचं? नुकताच नारळ फुटलेला, आणि घरात जयसिंगची म्हातारी आई. तो चौकटीशी बसला, उठला. पक्का बसलेला खिळा उगाच पुन्हा ठोकला.

“आन् पलंग?”

“पलंग सुटा करून नेऊ. तू माल बघ.”

“पलंग सुटा हुईल, जयसिंग.”

आवाज चौकटीतून आला होता. खाली टेकूंच्या मधे सिंधूबाई उभी होती, जयसिंगची आई. तिची खोली वरच व्हायची होती.

“माणूस कसं सुटं करशील?” ती म्हणाली.

“आई, आजच्या दिवशी काय बोलती...”

“आज न्हाई तर कवा? उद्या ह्या मालाचा दगड हुईल.”

जयसिंग खाली बघत राहिला. मग त्याने हात वर करून मिक्सर थांबवायला लावला.

“गज कापाय लागत्याल,” मच्छिंद्र म्हणाला. “कडंनं जादा बांधू.”

खाली सिंधूबाई टेकू चुकवत उन्हात निघून गेली. जयसिंग मच्छिंद्रच्या शेजारी आला आणि खांद्याला खांदा लावून उभा राहिला.

“आता टेप धर,” तो म्हणाला. “दोघांचं माप घे.”